लाभार्थी मोजून संस्था कळत नाही

सामाजिक संस्थांचे वार्षिक अहवाल आता एका ठरावीक साच्यात निघतात. वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शिबिरे घेतली, किती मुलांना वह्या आणि किती महिलांना शिलाई यंत्रे दिली, आणि शेवटी पाहुण्यांच्या भेटींची छायाचित्रे. देणगीदार हेच वाचतात, बातमीदार यातलेच आकडे उचलतात आणि पुरस्कार देणाऱ्या समित्याही याच आकड्यांवर समाधान मानतात. ज्या माणसांसाठी संस्था उभी राहिली ती तिथे एकमेकांबरोबर कशी जगतात, कोण कोणासाठी राबते, कारभारात त्यांचा शब्द किती चालतो, याबद्दल मात्र अहवालात सहसा ओळही नसते. माझ्या मते संस्थेचे कर्तृत्व शोधायचे ते याच न लिहिलेल्या भागात. आधार मागायला आलेला माणूस काही वर्षांनी तिथे दुसऱ्याला आधार देणारा, जबाबदारी पेलणारा आणि निर्णयात बोलणारा झाला का, हे आधी विचारले पाहिजे. बाकीचे आकडे त्यानंतर. हे तपासून पाहायला महाराष्ट्रात वरोऱ्याच्या आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीइतके मोठे आणि प्रदीर्घ उदाहरण दुसरे नाही.

आनंदवन सुरू झाले तेव्हा कुष्ठरुग्णाची अवस्था काय होती, हे आज मुद्दाम आठवावे लागते. १८९८ च्या लेपर्स ॲक्टनुसार निराधार, भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकत आणि त्याची रवानगी आश्रमात होई. संसदेने हा कायदा रद्द केला तो २०१६ साली. गावाने वेशीबाहेर काढायचे, घरच्यांनी नाव टाकायचे आणि सरकारने भिंतीआड ठेवायचे, अशी ती तिहेरी हद्दपारी होती. विदर्भात तिला उत्तर देण्याचे काम आनंदवनाच्या आधीच सुरू झाले होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून आणि अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी त्यानंतर कुष्ठरुग्णांना शेती आणि उद्योगाला लावले. रुग्णाला फक्त मलमपट्टी नको, काम हवे, हा विचार त्या मातीत रुजू लागला होता. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये सरकारकडून मिळालेल्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर वसाहत सुरू झाली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलाची कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. पण त्या सहा जणांची नावे किती जणांना सांगता येतील? बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांच्या त्यागाबद्दल आपण भरभरून लिहिले, ते योग्यच होते. झडलेल्या बोटांनी त्या खडकात विहीर खणणारी माणसे मात्र आपल्या लेखी रुग्ण आणि लाभार्थी एवढीच राहिली. खरे तर ती या संस्थेची पहिली संस्थापक मंडळी होती.

विहिरीला पाणी लागले, भाजी पिकली, आणि वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. आनंदवनाच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संस्थेची दिशा तिथे ठरली. ती भाजी आतच संपवून, उरलेला खर्च देणग्यांवर भागवणे सोपे होते. पुष्कळ आश्रमांनी तेच केले असते. आनंदवनाने पिकवणे आणि विकायला नेणे चालू ठेवले. पुढे पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रहिवाशांबरोबर बांधकामावर खपले, त्यांच्या हातचे जेवले. बाहेरून आलेली तरुण मुले निर्धास्तपणे तिथे राहतात हे डोळ्यांनी दिसले, तसे गावाचे भय हळूहळू सैल झाले आणि भाजी-दूध खपू लागले. व्याख्यानांनी आणि भिंतीवरच्या घोषणांनी जे साधत नव्हते ते सोबत राहून, सोबत जेवून साधले. आज जनजागृतीसाठी मोठमोठी अंदाजपत्रके मांडणाऱ्यांनी ही घटना नीट अभ्यासावी असे मला मनापासून वाटते. माणसाची भीती दुसऱ्या माणसाच्या सहवासाने जाते आणि सहवासासाठी आधी तिथे एक जिवंत वसाहत असावी लागते.

१९६४ साली आनंदवनाच्या परिसरात आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. इमारत बांधण्यात कुष्ठमुक्त रहिवाशांचे हात होते आणि शिकायला येणारी मुले होती वरोऱ्याची, आसपासच्या खेड्यांतली. तेरा वर्षांपूर्वी ज्या जमिनीतली भाजी शिवायला लोक तयार नव्हते, त्याच जमिनीवर त्यांनी आपली पोटची मुले पाठवली. सामाजिक कामाच्या इतिहासात यापेक्षा मोठे यश मला माहीत नाही, आणि लाभार्थ्यांच्या कुठल्याही तक्त्यात ते बसत नाही. तक्ता भरायचा म्हटला तर इथे लाभार्थी कोण? शिक्षण मिळालेला गावातला मुलगा की त्याला वर्ग बांधून देणारा कुष्ठमुक्त गवंडी? देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या होत्या. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या श्रमसंस्कार छावणीला महाराष्ट्रभरातून तरुण येऊ लागले. शहरातल्या त्या मुलांना कुदळ कशी धरायची आणि बांध कसा घालायचा हे दाखवणारी माणसे तिथलीच होती. ज्यांना समाजाने स्पर्शापासून दूर ठेवले ते समाजाच्या मुलांचे शिक्षक झाले.

घरसंसाराची बाजू याहून हळवी आणि तितकीच ठोस आहे. आनंदवनात बऱ्या झालेल्या स्त्री-पुरुषांची लग्ने झाली, जोडप्यांसाठी सुखसदन उभे राहिले, म्हाताऱ्यांसाठी स्नेहसावली आली, अपंगांना हस्तकला शिकवणारे संधीनिकेतन आले, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या. हातमाग, छपाई, सुतारकाम, टिनकाम यांत ज्याच्या शरीराला जे झेपेल ते काम त्याला मिळाले. बाबांचे पुत्र डॉ. विकास आमटे यांच्या काळात स्वरानंदवन हा वाद्यवृंद उभा राहिला आणि अंध, अपंग, कुष्ठमुक्त कलावंत राज्यभरच्या रंगमंचांवर तिकीट लावून गाऊ लागले. याच्या शेजारी देशाचा कायदा ठेवून पाहा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे वैध कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत होते आणि ते काढायला २०१९ साल उजाडले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णाला नगरसेवकपदासाठी अपात्र ठरवणारी ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली तरतूद वैध मानली होती. हे सारे भेदभाव दूर करावेत म्हणून विधी आयोगाला २०१५ साली स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. कायद्याच्या लेखी जिथे या रोगाने लग्न मोडत होते, तिथे आनंदवनात लग्ने लागत होती आणि निभत होती. कायदेमंडळाला उमगायला जे कित्येक दशके लागली ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसाहतीने रोजच्या जगण्यातून आधीच करून दाखवले होते.

मग असे काम ओळखण्याची आणि पोसण्याची आपली पद्धत काय आहे? कुष्ठरुग्णांच्या संस्थांना मिळणारे सरकारी अनुदान दर रुग्णामागे ठरते. म्हणजे माणूस हिशेबात धरला जातो तो रुग्ण म्हणून. तो बरा झाला, शेतीचा प्रमुख झाला, नव्याने आलेल्याचा आधार झाला, तरी कागदावर ही त्याची वाढ दिसत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. सामाजिक क्षेत्रात त्यामुळे मोठा पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची धरली आहे. मोठ्या प्रकल्पांना २०२१ पासून प्रभाव मूल्यमापनही सक्तीचे झाले. तीन वर्षांत दिसणारा प्रभाव कोणता असतो? वाटलेल्या वस्तू, घेतलेली प्रशिक्षणे, बांधलेल्या खोल्या. आनंदवनाला रिकाम्या जमिनीपासून महाविद्यालयापर्यंत तेरा वर्षे लागली. १९५४ साली कोणी तिथे मूल्यमापनाला गेले असते तर न खपलेली भाजी आणि अर्धवट बांधकामे पाहून त्याने प्रकल्प फसल्याचा शेरा मारला असता. पैशाची मुदत आणि माणसे एकमेकांना धरून उभी राहायला लागणारा वेळ यांचा मेळ नाही. म्हणून संस्था नाइलाजाने जे लवकर मोजता येते तेच काम करू लागल्या आहेत. दोष त्यांचा एकट्यांचा नाही.

यावर पहिला आक्षेप जबाबदार मंडळींकडूनच येतो : आकडे सोडले तर पैशाचा जाब कसा मागायचा? सामूहिक जीवन, आपलेपणा असले शब्द उच्चारून अंदाधुंद कारभार झाकता येतो, आणि तो झाकला गेल्याची उदाहरणे राज्यात कमी नाहीत. आक्षेप रास्त आहे. पै-पैचा हिशेब द्यावाच लागेल, लेखापरीक्षण व्हायलाच हवे. पण जे मी मांडतो आहे तेही मोजता येते. संस्थेच्या कामकाजात पूर्वीचे किती आश्रित आज जबाबदारीच्या जागी आहेत. विश्वस्त मंडळात रहिवाशांचे किती प्रतिनिधी बसतात. रहिवाशांची सभा वर्षातून किती वेळा भरते आणि तिचे ठराव अमलात येतात का. संस्थेच्या उत्पन्नात रहिवाशांच्या श्रमाचा वाटा किती आणि त्याचा मोबदला त्यांना मिळतो का. परिसरातले लोक तिथे पाहुणे म्हणून येतात की शिकायला, खरेदीला, लग्नकार्याला येतात. यातला प्रत्येक प्रश्न कागदावर उत्तर देता येईल असा आहे. हे प्रश्न विचारायला अवघड म्हणून राहिलेले नाहीत, विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही म्हणून राहिले आहेत.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. वेगळी वसाहत करणे म्हणजे बहिष्काराला मान्यता देणेच नाही का? बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात देशात आला, कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला, डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या निकषावर भारताने निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. मग रुग्णाने घरी राहून गोळ्या घ्याव्यात, वसाहती कशाला? वैद्यकीयदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. नव्या रुग्णाला आज वसाहतीत पाठवणे हा अपराधच ठरेल. मात्र रोगाची आकडेवारी संपली म्हणजे रोगाने केलेली नासाडी संपत नाही. अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण भारतात सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे असतात. उशिरा निदान झालेल्यांच्या हातापायांची व्यंगे गोळ्यांनी भरून येत नाहीत. देशात सुमारे साडेआठशे कुष्ठवसाहती आहेत आणि त्यांत राहणाऱ्या वृद्धांना परत नेणारे घर उरलेले नाही. मुख्य म्हणजे वसाहत आणि कोंडवाडा यांत फरक असतो, आणि तो फरक आतल्या लोकांच्या हाती काय आहे यावरून पडतो. १८९८ च्या कायद्याने रुग्णाला आत ढकलले. आनंदवनाने आतून रस्ता बांधला आणि गावाला त्यावरून यायला लावले. आक्षेप घेणाऱ्यांना ज्या समावेशाची काळजी वाटते तो तिथे महाविद्यालयाच्या रूपाने साठ वर्षांपूर्वीच झाला. समाजात परत जाता येत नसेल तर समाजालाच आपल्याकडे बोलवायचे, ही त्यातली धाडसी बाजू आपण पुरेशी ओळखलेली नाही.

तिसरा आक्षेप व्यक्तीचा. बाबा आमटे एकच होते, साधनाताई एकच होत्या, असे संसार अलौकिक माणसांभोवतीच उभे राहतात, त्यातून सर्वसाधारण नियम काढू नये, असे म्हणतात. पाठोपाठ हेही सांगितले जाते की संस्थापकांनंतर अशा ठिकाणी कुरबुरी सुरू होतात. २०२० साली आनंदवनाच्या कारभारावरून जाहीर वाद झाले, ते महाराष्ट्राने दुःखाने पाहिले. त्यातली बाजू ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. पण या वादांवरून आनंदवनाचा विचारच कालबाह्य ठरवणे मला मान्य नाही. संस्थापकाच्या शब्दाला असलेले वजन त्याच्या पश्चात कोणा एका घराकडे किंवा कोणा एका पदाकडे आपोआप जात नाही. ते रहिवाशांच्या रीतसर सभेकडे जायला हवे. सामूहिक जीवन श्रमात होते, जेवणात होते, गाण्यात होते, पण अधिकारात ते तितके उतरले नाही, तर संस्था पुढच्या पिढीत अडखळणारच. ही अडचण एकट्या आनंदवनाची नाही. थोर माणसाने काढलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी संस्थेपुढे ती आज ना उद्या उभी राहते, आणि आपण तिच्याबद्दल बोलायला कचरतो, कारण बोलणे म्हणजे संस्थापकाचा अनादर असे आपल्याला वाटते. तो अनादर नाही. ज्यांनी विहीर खणली त्यांना विहिरीच्या पाण्याबद्दल मत असावे एवढीच ही मागणी आहे.

अलौकिक माणसाशिवाय हे होत नाही, या समजुतीला पुण्याने दिलेले उत्तरही पाहण्यासारखे आहे. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचे नेतृत्व आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांचा पुढाकार तिला मिळाला, पण पहिल्यापासून ती सभासद कचरावेचकांची संघटना होती. उकिरड्यावर हात घालणाऱ्या बायांना आधी ओळखपत्र मिळाले आणि मग त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने घेतले. इथे सभासद हाच मालक. त्यांच्या अडचणी संपलेल्या नाहीत. कराराचे नूतनीकरण, सेवाशुल्क, ठेकेदारांचे आव्हान यांवर त्यांना सतत भांडावे लागते. पण भांडायला त्या स्वतः जातात, त्यांच्या वतीने कोणी दयाळू माणूस जात नाही. कामाचे स्वरूप वेगळे, काळ वेगळा, तरी आनंदवनातल्या कर्तृत्वाचा गाभा इथेही दिसतो, आणि अधिकाराच्या बाबतीत पुणे एक पाऊल पुढे गेले आहे.

काही जण विचारतील, हे सगळे सरकारचे काम नाही का? उपचार, निवृत्तिवेतन, घर, शाळा ही सरकारची जबाबदारी आहे, आणि कुठल्याही संस्थेचे कौतुक त्या जबाबदारीतून सरकारची सुटका करण्यासाठी वापरू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला आहे, तेव्हा त्या हक्कांची अंमलबजावणी मागायलाच हवी. पण गोळी आणि निवृत्तिवेतन देणारे सरकार माणसाला शेजारी देऊ शकत नाही, त्याच्या हातच्या भाजीला गिऱ्हाईक देऊ शकत नाही, संध्याकाळी सोबत गाणारे कोणी देऊ शकत नाही. ते काम माणसांनी एकत्र राहूनच होते आणि संस्थेचे समर्थन तिथेच आहे. संस्था जर सरकारसारखीच खिडकीतून वाटप करू लागली तर तिच्या असण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे संस्थांचे हिशेब जातात. ज्या संस्थांत माणसे कायमची राहतात त्यांच्या विश्वस्त मंडळात रहिवाशांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना जागा देण्याची अट राज्य सरकारने या कायद्यात घालावी. दर रुग्णामागे मिळणाऱ्या अनुदानाच्या जोडीला, रहिवाशांनी चालवलेल्या उद्योगांना आणि त्यांनी समाजाला दिलेल्या सेवांना स्वतंत्र साहाय्य असावे. कंपन्यांनी तीन वर्षांच्या प्रकल्पांबरोबर थोड्या तरी संस्थांना दीर्घ मुदतीचा, वस्तूंच्या यादीला न बांधलेला निधी द्यावा, आणि त्यासाठी नियम आड येत असतील तर उद्योगांच्या संघटनांनी ते बदलून मागावेत. वृत्तपत्रांचेही कर्तव्य आहे. दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन येतो, तेव्हा आपण संस्थापकांची छायाचित्रे आणि रुग्णसंख्येचे आकडे छापतो. येत्या ३० जानेवारीला त्या जागी रहिवाशांनी स्वतः लिहिलेले, स्वतःच्या नावाने सही केलेले लेख छापावेत. आणि देणगी देणाऱ्या वाचकांना एक विनंती : धनादेश लिहिण्यापूर्वी संस्थेला फक्त एवढे विचारा की तुमच्या कारभारी मंडळात तुमच्याकडे आधाराला आलेली किती माणसे आहेत, आणि मिळालेल्या उत्तरावरून रक्कम ठरवा.